एक ते तीन, पाळणाखोली

रविवारी सकाळी दोन चादरी दोरीवर गेल्या होत्या, दोन अजून बादलीत पिळून पडल्या होत्या, आणि एक खांद्यावर टाकून बाई तशाच घरात आल्या. ओल्या चादरीचं पाणी पाठीवरून पोटरीपर्यंत ओघळत होतं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. अकरावं नाव बालवाडीत तान्ही बाळं सांभाळणाऱ्या मावशींचं. शेजारी तारीख, आणि तारखेशेजारी मावशींची गोल, मुलांच्या पाटीवर शोभेल अशी सही.

"आता काय निघालं?" नवऱ्याने पेपरामागून विचारलं.

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे कुणाचं तरी काहीतरी नक्की असतं. रविवारी तरी डोळ्यांना सुट्टी दे."

बाईंनी कागदाची घडी घातली. शनिवारपासून त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती.

बाई एका बालवाडीत बावीस वर्षं नोकरीला आहेत. आधी मदतनीस, मग शिक्षिका, आणि गेली सहा वर्षं सगळ्यांची वेळापत्रकं बसवणाऱ्या. तिथे त्यांना सगळे दुर्बीण म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे. बाटलीतलं दूध वास घेतल्याशिवाय त्या पुढे जाऊ देत नाहीत. दारातून मुलांची रांग गेली की डोकी मोजतात, आणि पाच पावलांवर पुन्हा मोजतात. नवीन आलेल्या शिक्षिकेने एकदा हसून विचारलं होतं, "बाई, मधल्या पाच पावलांत कोण पळून जाणार?" पण फार वर्षांपूर्वी एक मुलगी सामानाच्या खोलीत अडकून दीड तास राहिली होती, आणि त्या दिवशीची रांग बाईंनीच मोजली होती. तेव्हापासून त्यांचा कुणावर म्हणून विश्वास नाही, आणि स्वतःवर तर त्याहून नाही.

प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाची आखणीही त्यांच्याकडेच. ऐकायला सोपं वाटतं, पण बालवाडी एक दिवसही बंद ठेवता येत नाही आणि कुठल्याही खोलीत दोनपेक्षा कमी मोठी माणसं चालत नाहीत. म्हणून निम्मी माणसं एका दिवशी शिकायला बसतात, निम्मी दुसऱ्या दिवशी. शिकवायला येतात त्या निवृत्त परिचारिका. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. शेवटी सगळ्यांच्या सह्यांचा कागद होतो, त्याखाली बाई सही करतात आणि तो वरच्या कार्यालयात जातो. तो सोमवारी दुपारी बाराच्या आत जायचा होता.

आणि शनिवारी पाळणाखोलीत दहा महिन्यांच्या बाळाच्या घशात केळ्याचा तुकडा अडकला.

बाई दारातच होत्या. मावशींनी बाळाला उभं धरलं, पाठीत धपाधप मारलं आणि तोंडात बोट घालून चाचपलं. तुकडा निघाला, बाळ रडलं, सगळ्यांच्या जिवात जीव आला. मावशींना कुणी पाणी दिलं, कुणी पाठ थोपटली. देवाने वाचवलं, असं सगळेच म्हणाले, बाईही म्हणाल्या. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. बोट घातलं की तुकडा आणखी आत जाऊ शकतो, हे सिस्टर दरवर्षी टेबलावर हात आपटून सांगतात. बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, पाठीवर पाच थापट्या. तीन वर्षं प्रशिक्षण घेतलेलं माणूस हे विसरेल कसं?

म्हणजे घेतलंच नाही. सही तेवढी ठोकली. कुठंतरी पाणी मुरत होतं.

सोमवारी बाई पाऊण तास आधीच पोचल्या. मावशी पाळणाखोलीत गाद्या पसरत होत्या. वयाने बाईंच्या बरोबरीच्याच, पण आवाज असा मऊ की किरकिरं पोर तीन मिनिटांत झोपावं.

"काय हो बाई, आज सकाळीच दुर्बीण लावलीत?"

"सहज आले." बाईंनी एक टॉवेल गुंडाळून उचलला. "मावशी, समजा एखाद्याचा हात भाजला. काय कराल?"

"गार पाणी, वीस मिनिटं. वर काहीबाही फासायचं नाही."

"नाकातून रक्त आलं तर?"

"डोकं पुढे झुकवायचं, नाक चिमटीत धरायचं. परीक्षा आहे का काय? आधी सांगायचंत, वेणी तरी घट्ट घातली असती."

बाईंना हसू आलं नाही. उलट संशय वाढला. हिला एवढं पाठ आहे, मग तेवढंच कसं नाही? त्यांनी गुंडाळलेला टॉवेल पुढे केला.

"हे बाळ. घशात अडकलंय. दाखवा."

मावशींनी टॉवेल उभा धरला, थापट मारली आणि बोट उचललं. तिथेच थांबल्या. बाईंचा चेहरा त्यांनी वाचला होता.

"चुकलं ना? शनिवारी पण चुकलं होतं?"

"तीन वर्षं काय करत होतात त्या तासाला?"

"कुठल्या तासाला?"

"जेवणानंतरच्या. बाळाचा भाग सिस्टर जेवणानंतरच घेतात. लोक पेंगतात, हाताने करायचं असलं की जागे राहतात."

"जेवणानंतर मी इथे असते की."

"इथे कशी? त्या दिवशी तुमची सुट्टी असते खोलीतून."

"सकाळपुरती. एक वाजला की मी इकडे. पोरं माझ्याशिवाय झोपतात का? तीनला परत जाते, मग तुम्ही कागद फिरवता आणि आम्ही सह्या करतो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्हीच तर लिहिलंय."

बाईंना वाटलं, ही आता आपल्यावर ढकलते आहे. चोर पकडला की तो असाच साव होतो. त्या तडक बालवाडीच्या कार्यालयात गेल्या, कपाट उघडलं आणि मागच्या तीन वर्षांचे तक्ते जमिनीवर अंथरले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर लाल पेन्सिलने आखलेले. पहिल्या वर्षी, मावशींच्या नावासमोर: एक ते तीन, पाळणाखोली. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच, फक्त अक्षर घाईचं. मागचा तक्ता समोर ठेवून नवीन उतरवायचा ही बाईंची पद्धत. प्रशिक्षणाच्या दोन्ही दिवशी पाळणाखोलीत झोपवायला मावशीच हव्यात, हे त्यांनी एकदा ठरवलं आणि मग दरवर्षी डोळे झाकून उतरवलं. मावशींच्या गटाच्या दिवशी बाई स्वतः मुख्य दरवाजावर असायच्या, म्हणून त्यांच्या नजरेसही काही पडलं नाही. पाळणाखोलीतलं दुसरं माणूस पाळीने बदलायचं; दिवसभर बाळांजवळ असणाऱ्या एकट्या मावशींना बाळांचा भाग सोडून सगळं शिकवलं गेलं होतं.

बाई जमिनीवरच बसल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या बसत नाहीत.

थोड्या वेळाने मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आल्या. त्यांनी तक्ते ओलांडून खुर्ची गाठली.

"कागद झाला?"

"एक नाव कमी होणार."

सगळं ऐकून मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं. "अहो, सकाळचा भाग त्यांनी केलाय ना? आत्ता सही करा. पुढच्या वर्षी तक्ता सुधारा. पाळणाखोलीला शिकलेलं माणूस दाखवलं नाही तर वरून खोली बंद करायला सांगतील. आठ बाळं आहेत, त्यांच्या आयांनी काय करायचं?"

"शनिवारी देवाने वाचवलं. दर वेळी त्याच्यावरच टाकायचं का?"

"देवाला मध्ये आणू नका, मला बाराची मुदत आहे."

"मग शिकलेलं माणूस म्हणून माझं नाव लिहा, माझं दुसऱ्या गटात पूर्ण झालंय. मावशी शिकेपर्यंत मी पाळणाखोलीत बसते. रोज, पूर्ण वेळ."

"आणि तुमची कामं?"

"संध्याकाळी करीन."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. कुणाला तरी वाचवायचा हा डाव तर नाही ना, असं त्या नजरेत होतं. बाईंना ती नजर ओळखीची होती. ती त्यांचीच होती.

बाईंनी अकराव्या नावावर रेघ ओढली. शेजारी लिहिलं: बाळाचा भाग झालेला नाही, वेळापत्रक लावताना माझ्याकडून चूक झाली. मग पाळणाखोलीसमोर स्वतःचं नाव घालून सही केली.

पाळणाखोलीत जाऊन त्यांनी ते मावशींना सांगितलं, तर मावशींचा चेहराच उतरला.

"म्हणजे वरच्या कागदावर माझ्या नावावर काट?"

"चूक माझी म्हणून लिहिलंय. गुरुवारी सिस्टरना बोलावते, तेव्हा तो भाग करून घ्या."

"काट कुणाच्या नावावर दिसते? तुमच्या का माझ्या?" मावशींनी एका बाळाचं पांघरूण उगाच सारखं केलं. "आणि तुम्ही इथे बसणार ते मला शिकवायला का माझ्यावर नजर ठेवायला?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "दोन्ही," त्या म्हणाल्या.

मावशी हसल्या नाहीत. दुपारी एकला त्यांनी बाळांना झोपवलं, बाई कोपऱ्यातल्या लहान खुर्चीत बसून राहिल्या. पण बाईंच्या डोक्यात आता दुसराच किडा वळवळत होता. सिस्टरकडची सरावाची बाहुली एकच, एका गटात शिकणाऱ्या सात जणी. सगळ्यांनी हाताने केलं, की दोघींनी केलं आणि पाच जणींनी नुसतं पाहिलं? सह्या तर सातही जणींच्या होत्या.

अडीचच्या सुमाराला मावशींनी आपणहून टॉवेल गुंडाळला, डाव्या हातावर पालथा घेतला आणि बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"डोकं एवढं खाली?"

"आणखी खाली. मांडीचा आधार घ्या."

"आणि ते गुरुवारी खऱ्या बाहुलीवर. नुसतं टॉवेलावर शिकून मी पुन्हा सही करणार नाही, आधीच सांगते."

"मीही करू देणार नाही."

घड्याळात तीन वाजले आणि पहिलं बाळ कुरकुरलं. सुटल्यावर बाईंना सिस्टरच्या घरी जायचं होतं, गुरुवारी सकाळी नऊची वेळ आणि एकीऐवजी दोन बाहुल्या मागायला.