ठिणगीसर आणि मधली फट

आमचे शास्त्राचे सर स्वतःची चूक सांगायला घरी यायचे. बरोबर असले तर वर्गातच बोलून मोकळे होत. चुकले की छत्री काखोटीला मारून निघालेच. अलिबागच्या शाळेत त्यांना सगळे ठिणगीसर म्हणत.

नाव पडलं ते मज्जातंतूंच्या धड्यामुळे. पुस्तकात चार ओळी, पण सरांचं समाधान होत नसे. मुलांना हातात हात घालून ओळीने उभं करायचे. पहिल्याने हात दाबला की दाब शेवटच्यापर्यंत पोचे. मग मधल्या दोघांचे हात सोडवून विचारत, "आता निरोप पलीकडे कसा जाणार?" आणि स्वतःच सांगत, "अरे, ठिणगी उडते! दोन पेशींमध्ये फट असते, वीज ती ओलांडते." हे सांगताना धोतर सावरत स्वतःच टुणकन उडी मारत. आम्ही त्या उडीसाठीच तासाची वाट पाहायचो.

मी मुंबईला डॉक्टरकीला गेले. तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला आणि मी ठिणगी उडवून दिली. परीक्षक हसले. एका उत्तराने कोणी नापास होत नाही म्हणा, पण त्या हसण्याने माझी अशी गाळण उडाली की पुढचं काहीच आठवेना आणि मी नापास झाले. रेवदंड्याला घरी आले तर बाबा म्हणाले, "पुरं झालं शिकनं. मुरुडचं स्थळ आलंय, व्हय म्हनून टाकू." बाबांची सुपारीची वाडी होती. शब्द फिरवायची सवय नव्हती.

माझ्या मैत्रिणीकडून कळलं म्हणून सर त्याच आठवड्यात आमच्या ओटीवर हजर. "चूक माझी आहे," ते बाबांना म्हणाले. "मी शिकवलं तेच ही बोलली. वीज फटीपाशी येते आणि मधल्या खारट पाण्यात विरून जाते. पलीकडे पोचण्याइतकी उरतच नाही." मग मला आणि आईला समोरासमोर उभं करून माझ्या हातात एक ओली सुपारी दिली. "फेक." आईने झेलली. "असं एक रसायन पलीकडे जातं. ते पोचलं की तिथे पुन्हा वीज सुरू."

बाबा म्हणाले, "मास्तर, मला यातलं काय बी कळलं न्हाय. तुमी चुकलाव म्हनता, येवढंच कळलं." मग आईकडे वळून म्हणाले, "जाऊ दे पोरीला परत."

डॉक्टर होऊन मी तळा गावातल्या दवाखान्यात लागले. एकदा एका मासिकात वाचलं, की कोळंबीसारख्या कवचाच्या आपल्या शेवंडीच्या जातकुळीतल्या, गोड्या पाण्यातल्या एका प्राण्यात काही ठिकाणी वीज एका पेशीतून दुसरीत थेट जाते. मला कोण आनंद झाला! मिळेल ती एसटी धरून अलिबाग गाठलं. सर अंथरुणाला खिळलेले, आवाज खोल गेलेला.

"सर, तुमची ठिणगी सापडली!"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तिथे फट किती?"

"जवळजवळ नाहीच. पेशी अगदी चिकटलेल्या आहेत."

"मग उडी कुठे आली? मी तर उडी शिकवली." जरा दम घेऊन म्हणाले, "चूक ती चूकच, पोरी. पण सांगायला आलीस, बरं वाटलं."

मी त्यांना जिंकवायला गेले होते. परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. पावसाळ्याआधीच सर गेले.

कधीकधी रोग्याच्या माणसांना "माझं निदान चुकलं" असं सांगायची वेळ येते. ती बाहेर बाकावर बसून माझ्याकडे आशेने बघत असतात आणि मी हातातले कागद उगाच पुन्हा चाळत बसते. तेव्हा सर फार आठवतात. मग उठते आणि सांगते.