सुट्टीच्या दिवशी लंडनचे पोलीस

ताई माझी ड्युटीतली जोडीदार. हवालदार, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, खुलताबादकडच्या मेंढपाळ घरातली. मी शहरात वाढलेली, भरती होऊन दोनच वर्षं झालेली. बजाजनगरला आम्हाला एका स्कूटरवर गस्तीला लावलं, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं. कुणाला अडवलं की मी लायसन मागायची आणि ही विचारायची, "गाव कोणतं रे बाबा तुझं?"

तीन आठवड्यांनी दोघींना एकदमच सुट्टी मिळाली. दुपारच्या खेळाला विलायती सिनेमा होता, हिंदीत केलेला. लंडनचे दोन पोलीस, एक नियमावर बोट ठेवणारा, दुसरा गाड्या उलथवणारा. ताईच मागं लागली, "चल की, आपल्यासारखेच हायेत म्हणं."

पाठलाग सुरू झाला आणि हिचं तोंडही. "एवढ्या गोळ्या झाडल्या, वरच्यांना जबाब कोण देणार?"

"ताई, हळू."

"अगं, हळूच बोलतीय."

शेवटची वीसेक मिनिटं उरली असतील. ते दोघं जळत्या गोदामात अडकलेले आणि आमच्या मागच्या रांगेत दोन माणसांची जुंपली. खुर्चीला लाथ लागली एवढंच कारण, पण कॉलरपर्यंत हात गेले. ताई उठली.

"ताई, सुट्टी आहे आपली. थिएटरवाले बघतील."

"ये म्हणलं ना."

तिनं दोघांना बाहेर आणून बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि अर्थात गाव विचारलं. एक लासूर स्टेशनचा निघाला. दुसऱ्याची बहीण तिथंच दिलेली. मग कांद्याचा भाव निघाला, कुणाकुणाच्या सोयरिकी निघाल्या. आतून स्फोटांचे आवाज येत होते. मी दाराला टेकून दात खात उभी. दोघं हसत उठले तोवर दार उघडलं आणि लोक बाहेर यायला लागले.

"झाला का?" ताईनं विचारलं.

"झाला! महिन्यातली एक सुट्टी, तीपण तुम्ही ड्युटीत घातली."

"मग डोकी फुटू द्यायची व्हती?"

तिचं खरं होतं, त्याचाच जास्त राग आला. रिक्षा करून मी एकटीच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडं जोडीदार बदलून द्यायचा अर्ज नेला. त्यांनी तो वाचलाही नाही, फायलीखाली सरकवला. "उद्या खुलताबादला बंदोबस्त आहे. तुम्ही दोघी जा. तिला तिथली माणसं माहिती आहेत."

सकाळी सहाला ताई माझ्या दारात हजर. स्कूटर मीच चालवली. घाट चढेपर्यंत ती मागून बोलतच होती. वरच्या वळणावर मीच विचारलं, "ताई, हे गाव कोणतं?"