आधी शालिनीचं म्हणणं सांगा

“बाई, या मुलीला खाली बसवा!” अण्णांनी माझ्याच टेबलावर हात आपटला.

बाळांनो, ही तुमच्या आईच्या जन्माआधीची, मी गावच्या शाळेत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. अण्णा आमच्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन. शिवाय मुंबईच्या एका पेपरचे बातमीदार, म्हणजे गावच्या बातम्या लिहून पाठवणारे. पेपर बोटीने उशिरा यायचा, आणि त्यात छापलेलं सगळं खरंच असतं अशी गावाची समजूत.

त्या आठवड्यात अण्णांची बातमी आली होती: कुजके मासे विकल्यामुळे गावात कॉलरा. नाव दिलं नव्हतं, पण ‘बंदराच्या वळणावरची विक्रेती’ असं लिहिलं होतं. तिथे एकटी शालिनीची आईच बसायची. तिची टोपली भरलेली परत येऊ लागली. उरलेले मासे खारवायला घरी हात हवेत, म्हणून शालिनीची शाळा कायमची सुटायची वेळ आली. ती मॅट्रिकच्या वर्गात होती.

दर शुक्रवारी मी वर्गात पेपर वाचून घेई. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं का? नसेल तर त्याला कोणी सांगितलं? हे शोधायचं. वादाचाही नियम होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडाने सांगायचं. तो ‘होय’ म्हणाला की मगच उत्तर द्यायचं. त्या शुक्रवारी मी अण्णांनाच वर्गात बोलावलं.

शालिनीने उभं राहून विचारलं, “अण्णानू, माज्या आयेचे मासे कुसके होते, ह्या तुमी सोता बघितलात?”

त्यावर अण्णांनी टेबलावर तो हात आपटला.

“आधी तिचं म्हणणं सांगा,” मी म्हटलं. “वर्गाचा नियम आहे.”

“ती म्हणते, मी खोटारडा.”

“तसा माजा म्हणणा नाय,” शालिनी म्हणाली.

“मग मी तिच्या आईच्या वाईटावर आहे, असं म्हणते.”

“तसाय नाय.”

मागे कोणी तरी फिसकन हसलं. अण्णांची शाळेतली भाषा सुटली. “माका शिकवतंस गो? बघूक कशाक होया? सगळो गाव सांगता!”

“म्हणजे पाहिलं नाही?” मी विचारलं.

“नाय बघूक!”

“मग खुलासा पाठवा.” खुलासा म्हणजे आपली बातमी चुकली, असं त्याच पेपरात छापून सांगणं.

“बघू,” म्हणून ते निघून गेले.

पुढच्या बोटींनी पेपर येत राहिले. खुलासा आला नाही. आला तो कमिटीचा ठराव: वर्तमानपत्र वर्गात फक्त शुद्धलेखनासाठी वापरावे.

“मग अण्णांचीच बातमी शुद्ध करून घेते,” मी हेडमास्तरांना म्हटलं.

“बाई, मला नोकरी टिकवायची आहे,” ते म्हणाले.

शालिनी यायची थांबली. मी तिच्या घरी गेले. तिची आई मिठाने भरलेले हात न धुताच बाहेर आली.

“अण्णा वर्गात कबूल झाले, की त्यांनी मासे पाहिलेच नव्हते,” मी म्हटलं.

“झाले असतीत, बाई. पण पेपर वाचणारे तुमच्या वर्गात खंय होते?”

शालिनी आत मासे चिरत होती. तिने मान वर केली नाही.

मला अजून संताप येतो. खोटं ज्या पानावर छापलं जातं, कबुली त्याच पानावर छापून घ्यायची. वर्गात मिळालेल्या कबुलीने एक बांगडासुद्धा विकला जात नाही.