एकही नंबर जाणार नाही

मोबाईलच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपणहून येतात, काउंटरवर कोपर टेकवतात, मशीनवर अंगठा देतात आणि जाता जाता आपल्याला हादरवून जातात. पुलगावला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि नवऱ्याचं. तो मागच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून रिपेअरिंग करतो आणि दिवसभरात मोजून वीस शब्द बोलतो. बोलायचं खातं माझ्याकडे. तरी नवीन गिऱ्हाईक अजूनही मला विचारतं, "मालक कोठी गेले जी?" मी सांगते, मालकच बोलून राहिली आहे, काम सांगा.

दाराशी नवऱ्याच्या अक्षरात एक पाटी आहे. 'सिम बदलून मिळेल. एकही नंबर जाणार नाही.' लिहून तो मोकळा झाला. निस्तरते मी!

*

डेपोतून रिटायर झालेले एक काका आहेत. स्वभाव असा की घराला कुलूप लावल्यावर चारदा ओढून बघतील. त्यांना सिम बदलायचं होतं. मी फोनवर सांगितलं, येण्याआधी सगळं नीट सांभाळून ठेवा, म्हणजे काही जायला नको.

दुसऱ्या दिवशी आले. फोन हातात घेतला तर आत काहीच नाही. एक फोटो नाही, एक नाव नाही. नुकताच डब्यातून काढल्यासारखा कोरा! मी विचारलं, हे काय झालं? तर म्हणाले, तुम्ही सिम काढणार, ते कंपनीकडे जाणार, तिथे चार लोक घरचे फोटो पाहणार. म्हणून रात्रभर बसून सगळं पुसून टाकलं. मुलीच्या लग्नाचेसुद्धा.

त्यांना समजावून सांगितलं की फोटो सिममध्ये नसतातच, ते फोनमध्ये असतात. सिम काढलं तरी ते जागचे हलत नाहीत.

"म्हणजे नुसतं आलो असतो तं?"

"तर काहीच गेलं नसतं, काका."

ते स्टुलावर बसले. दोन ग्लास पाणी प्यायले. मग मान वर करून म्हणाले, "पण आता कोणी पाहू तं शकत नाई ना?"

*

केळझरहून एक ताई येतात. त्यांचं सिम बदललं, सगळी नावं नव्या फोनमध्ये आली, त्यांनी स्वतः बघून घेतली. जुनं सिम मी टाकून देणार तोच त्यांनी माझा हात धरला. त्यात दोन्ही भावांचे नंबर आहेत म्हणाल्या. मी म्हटलं, ते इकडे आले ना!

"आले असतीन. पण हे मूळ होय."

मूळच ते! दिलं परत. सहा महिन्यांनी कव्हर घ्यायला आल्या तेव्हा सहज विचारलं, ते सिम आहे का अजून? तर ते देव्हाऱ्यात आहे, बाळकृष्णाच्या शेजारी! धाकटा भाऊ फोन उचलत नाही म्हणून त्या सिमला उदबत्ती ओवाळतात आणि मग फोन लावतात.

मी हसू दाबत विचारलं, मग उचलतो का?

"दुसऱ्या रिंगला," त्या म्हणाल्या. आणि माझ्यादेखत मोबाईलला हात जोडून त्यांनी भावाला फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला. तेव्हापासून मी हसत नाही.

*

आमच्याकडे मेमरी कार्डाला चिप म्हणतात. सिमलाही चिप म्हणतात. ज्याला जे सुचेल ते. यातून एक दिवस घात होणार हे मला कळायला हवं होतं.

बाबारावजी म्हणून एका भजनी मंडळाचे पेटीवाले आहेत. बारा वर्षांची भजनं त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून मेमरी कार्डात ठेवली होती. यातले तीन गाणारे आता नाहीत. नवीन सिम सुरू झालं तसा त्यांनी गावाहून फोन केला आणि विचारलं, सिम चालू झालं, आता जुनी चिप काय करू? फोन नेमका नवऱ्याने उचलला, त्याला वाटलं जुन्या सिमचं विचारतात. त्याच्या वीस शब्दांतले तीन त्याने खर्च केले. "तोडून फेका, काका."

बाबारावजी सरळ माणूस. सांगितलं ते केलं. अडकित्त्यात धरून मेमरी कार्डाचे दोन तुकडे केले!

संध्याकाळपर्यंत चूक लक्षात आली आणि कागदाच्या पुडीत ते दोन तुकडे घेऊन ते दुकानात हजर. नवऱ्याने पुडी उघडली आणि भिंग काढून खाली ठेवलं. त्याचा चेहरा लग्नातही झाला नव्हता इतका पांढरा झाला होता. मला रडूच यायला लागलं. धीर दिला तो बाबारावजींनीच. खालच्या आवाजात नवऱ्याला म्हणाले, "असं पाय, सारी नाई तं नाई, पण दोन्ही तुकड्यात अर्धी अर्धी तं निघतीन ना?"

त्या दिवसापासून नवरा गिऱ्हाइकाशी बोलताना चिप हा शब्द उच्चारत नाही. सत्तावीस वेळा विचारतो, पांढरी की काळी? पांढरी म्हणजे सिम, काळी म्हणजे कार्ड. तेवढ्यासाठी त्याचे वीस शब्द आता चाळीस झाले आहेत.

*

एक शाळामास्तर आहेत. ग्रुपवर दिवसभर येणाऱ्या गुड मॉर्निंगला कंटाळून त्यांनी नंबरच बदलला. मी चारदा बजावलं, सर, नवीन नंबर सगळ्यांना कळवा, जुना नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. ते म्हणाले, कळवतो. कळवला फक्त शाळेत.

इकडे त्यांच्या भाचीला स्थळ आलं. बहिणीने लग्नासाठी नवीन ग्रुप काढला आणि त्यात मामाचा जुना नंबर टाकला. मामाला विचारल्याशिवाय होकार कसा द्यायचा? मुलाचा फोटो टाकला. मामाने अंगठ्याचं चित्र टाकलं. मुलाची नोकरी टाकली. मामाने अंगठा. तारीख, हॉल, जेवणातले पदार्थ, सगळ्याला अंगठा! बहीण खूश. एवढा समजूतदार तो कधीच नव्हता.

खऱ्या मामाच्या हातात पत्रिका पडली तेव्हा ते तडक माझ्या दुकानात आले. घामाघूम. "मॅडम, म्या होकार देला म्हणे! मले तं पोराचं नाव बी मालूम नाई!"

जुना नंबर आर्वीकडच्या कुणा गृहस्थाला मिळाला होता. ग्रुप कोणाचा, माणसं कोण, त्याने विचारलं नाही. चांगलं चाललं होतं, मध्ये कशाला बोला. निमंत्रण ग्रुपवर आलं होतं म्हणून लग्नालाही आला. मुलगी मांडवात आली तेव्हा तिच्या मागे दोन मामा उभे होते.

*

आता शेवटचा. हा सांगताना मला अजूनही कानकोंडं होतं, कारण यात चूक माझी आहे.

नाचणगावच्या वच्छलामावशी. साधा बटणांचा फोन. सिम बदलून घ्या असा मेसेज शेजारणीने वाचून दाखवला म्हणून आल्या. वाचता येत नाही. एकच काळजी, "माये सात नंबर जातीन तं नाई ना व बाई?" मी म्हटलं, एकही नाही. सातही सिमवर होते. कुणी तरी प्रत्येक नावाआधी एक, दोन, तीन असे आकडे टाकले होते. मला वाटलं, काय हा गबाळेपणा! मी आकडे काढून टाकले, नावं स्वच्छ लिहिली, सात मोजून दाखवली. माझ्यावर मीच खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आल्या आणि स्टुलावर बसल्या. नंबर गेला का विचारलं. मान हलवून नाही म्हणाल्या. मग हळूहळू सांगायला लागल्या.

ते आकडे शेजारणीने मुद्दाम टाकले होते. मावशींना नावं वाचता येत नव्हती, बटण किती वेळा दाबायचं ते माहीत होतं. यादी उघडली की पहिलीच मोठी मुलगी, सुशीला. एकदा खाली गेलं की भाऊ. असं करत सहादा खाली गेलं की सगळ्यात शेवटी अर्चना. धाकटी. तिने आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि मावशींच्या नवऱ्याने बजावलं की या घरात तिचं नाव निघालं तर मी घर सोडीन. तेव्हापासून नाव निघालं नव्हतं. नंबर शेजारणीने गुपचूप मिळवून दिला होता.

"म्या कधी लावला नाई बाई. रोज सातव्यापर्यंत जावो अन् वापस येवो."

आणि मी आकडे काढले होते. यादी अक्षरांच्या क्रमाने लागली आणि अर्चना 'अ'वरून सगळ्यात वर गेली होती.

सकाळी मावशींचा नवरा जेवायला बसला होता. मावशींनी सुशीलेला वड्या वाळल्या का ते विचारायला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर सुरू. यादी उघडली, पहिलं नाव, हिरवं बटण. तिकडून उचलल्या उचलल्या मावशी बोलायला लागल्या, उन्हात टाकल्या का, कावळे बसू देऊ नको. तिकडून कुणी बोलेना. मग आवाज आला, "आई?"

"आवाज ओळखू आला, बाई. आठ सालानं. मले बटणच सापडेना बंद कराचं."

माझ्या एका हुशारीने या बाईचा संसार मोडला, असंच मला वाटलं. माझा नवरा मागे उठून उभा राहिला होता, त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच होता. मी कसंबसं विचारलं, मावशी, काका काय म्हणाले?

मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"घास हातात तसाच. माया तोंडाकडे पाह्यलं. मंग ताटाकडे पाह्यलं. अन् म्हणते, विचार तिले, जेवली काय."