माणसांसाठी नसलेली पावडर

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी बघणं हे तिचं काम. उंदरांना कुणी नाक मुरडलेलं तिला खपत नसे. "तुमच्या नवऱ्यांपेक्षा कमी घाण करतात," असं ती तिथल्या बायकांना ऐकवायची.

त्या वर्षी एका नव्या पावडरीची चाचणी चालली होती. शरीरात युरिक अ‍ॅसिड तयार करणाऱ्या एन्झाइमला ती अडवते, एवढं चाचणी करणाऱ्या मॅडमनी मावशीला समजावलं होतं. ते अ‍ॅसिड साठलं की सांधे सुजतात, तो गाउट. गंमत म्हणजे हा रोग उंदरांना आपणहून होतच नाही. आधी तो त्यांना लावायचा आणि मग बरा करायचा. "माणसाला मेला फुकटात मिळतो," मावशी म्हणाली होती, आणि ती काही थट्टा करत नव्हती.

तिचा मोठा भाऊ शिंपी. आईबाप गेल्यावर त्यानंच मशीन चालवून तिला वाढवलं. आता त्याच रोगानं त्याच्या पायाचा अंगठा असा सुजायचा की त्याला चादरीचा स्पर्शही सोसवेना, मग पायडल कुठलं मारणार? नेहमीच्या गोळ्यांनी अंगभर चट्टे उठले, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या. मूत्रपिंडंही थकत चालली होती.

एका रविवारी तो म्हणाला, "चिमणे, तुझ्या उंदरांना देतात ते औषध चिमूटभर आण ना."

"दादा, बाटलीवरच लिहिलंय, माणसांसाठी नाही म्हणून."

"उंदीर बरे होतात ना?"

"सूज उतरते. पुढचं अजून कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे उंदरांना मिळतं नि भावाला नाही." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "ये तू आता."

ते तिच्या जिव्हारी लागलं. तसं भांडण साधंच होतं, चार दिवसांत मिटलं असतं. पण ही बाई मुलखाची हट्टी! चाचणीचा निकाल लागू दे, काय ते पुराव्यानिशी सांगेन, मगच त्याच्या दारात पाय ठेवेन, असं तिनं ठरवून टाकलं. वहिनीचा फोन आला, "येऊन जा गं एकदा." ही म्हणाली, "येते, जरा थांब."

निकाल लागायच्या आधीच दादा गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी उंदीर पटापट मरायला लागले. यकृतं पार खराब झाली होती. पावडरीचं काम गुंडाळलं गेलं. भावाचं मागणं मावशीनं मॅडमना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मावशी, बरं झालं तुम्ही भावाचं ऐकलं नाहीत." बिचाऱ्या धीर द्यायला बोलल्या. मावशीला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याच संध्याकाळी ती वहिनीकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"अगं, पावडरीचा राग त्याच दिवशी गेला होता यांचा," वहिनी म्हणाली. "रोज विचारायचे, चिमणी अजून का येत नाही?"