परत गेलेली टोपली

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी वाटायचं, चर्चमधली गोष्ट चर्चमध्येच राहावी. मग वाटायचं, सुहासला उगाच त्रास कशाला. खरं तर त्रास मलाच नको होता... गेल्या महिन्यात एका सकाळी चर्चमधल्या मार्थाबाईंचा फोन आला. "सर, सुहास गेला," त्या म्हणाल्या, आणि पाठोपाठ, "बोललात का मंग त्याच्याशी?" मी माती किती वाजता आहे, ते विचारलं. दुपारी कब्रस्तानात माती द्यायची वेळ आली तेव्हा सुहासची बहीण आणि चुलतभाऊ पुढे झाले. अरविंद बाभळीखाली, सगळ्यांच्या मागे उभा होता. मार्थाबाईंनी गर्दीतून वाट काढली आणि त्याचा हात धरून त्याला आणलं. "व्हय फुडं. तुझं माणूस हाय," एवढंच त्या म्हणाल्या. मी कडेशीच होतो. त्याला वाट देण्यासाठी बाजूला सरकलो. चर्चच्या मंडळीचा सर्वांत जुना पंच म्हणून त्या दिवशी माझ्या हातून एवढंच झालं.

सुहास माझा विद्यार्थी. जालन्यातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचो आणि रविवारी चर्चमध्ये मुलांची गाणी बसवून घ्यायचो. त्याचा आवाज फुटल्यावर मी त्याला खालचा सूर दिला. तो कधी पुढे आला नाही, पण तो नसला की गाणं पोकळ वाटायचं. पुढे तो एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागला. काही वर्षांनी त्याच्याबरोबर अरविंद चर्चमध्ये येऊ लागला. घनसावंगीकडच्या शेतकरी घरातला, मोसंबीची बाग असलेला, जन्माने हिंदू. शेवटच्या बाकावर दोघं शेजारी बसत आणि एकाच पुस्तकात बघून गात. कुणी म्हणे रूम पार्टनर, कुणी म्हणे मित्र. अरविंद सतरंज्या झटकायचा, मार्थाबाईंची पिशवी रिक्षापर्यंत न्यायचा. जोवर कुणी विचारलं नाही, तोवर मंडळीला दोघंही प्रिय होते.

मग सुहासच्या आईने त्याच्यासाठी औरंगाबादची मुलगी पाहिली आणि त्याला समजावायला चर्चच्या पाळकसाहेबांना आणि मला घरी बोलावलं. आम्ही चहा घेत असताना तो शांतपणे म्हणाला, "सर, माझं घर झालंय. मी अन् अरविंद. लग्न झाल्यावानीच राह्यलो आम्ही." त्याची आई उठून आत गेली. पाळकसाहेब बशीकडे पाहत राहिले. पुढच्या रविवारपर्यंत चर्चभोवतीच्या आमच्या सगळ्या कंपाउंडला कळलं होतं. कुणी भांडलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. फक्त शेवटच्या बाकाच्या पुढचा बाक रिकामा राहू लागला, सलाम करायला पुढे होणारे हात खिशात राहू लागले, आणि ज्या बाया अरविंदला "जेवला का रे?" विचारायच्या, त्या विचारेनाशा झाल्या.

पंचांच्या बैठकीत बराच घोळ झाला. शेवटी ठरलं, की येऊ द्यावं, पण दोघांनी एका बाकावर बसू नये. हे सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण तो माझं ऐकतो. मी त्याला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. त्याने ऐकून घेतलं आणि चक्क हसला. "सर, आपल्याकडं बाप्ये इकडं, बाया तिकडं. तुम्ही अन् मावशी नवरा-बायको, तरी जन्मभर येगळ्या बाकावर बसले. आम्ही दोघंबी बाप्येच हाव. आता आम्हाला कुठं बसवता, सांगा." मलाही हसू आलं होतं. ते मी दाबलं आणि म्हणालो, "बघ बाबा, समजून घे." तेव्हा हसलो असतो तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं... माणूस आता असं काहीही म्हणू शकतो.

त्याच साली हंगामाची उपासना आली. ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या दिवशी प्रत्येक घर आपल्याकडचं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं. बाजरी, तूर, काकडी, कोंबडी, नाहीतर नुसतं एक अंडं. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. घराचं नाव पुकारायचं, वस्तू वर धरायची, बोली लावायची. एक नियम मात्र कुणी मोडत नाही. देवापुढे ठेवलेली वस्तू परत घरी जात नाही. एकट्या म्हातारीच्या लिंबालाही चढाओढीने बोली लागते, कारण बोली लिंबावर नसते, तिच्यावर असते. माझा आवाज मोठा, म्हणून लिलाव माझ्याकडे.

त्या वर्षी त्यांनी अरविंदच्या बागेतली मोसंबी आणली होती. नवी टोपली, वर मोसंबीचाच पाला. मी ती उचलली आणि पुकारायला तोंड उघडलं. पण नाव कुठल्या घराचं घ्यायचं? "सुहास आणि अरविंद यांच्या घराकडून" असं म्हणायला हवं होतं. तसं म्हटलं असतं तर ते घर आहे हे मी सगळ्यांदेखत मान्य केलं असतं. समोर सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी टोपली खाली ठेवली आणि शेजारची कोंबडी उचलली. "ही बघा, शब्बाथ पाळणारी कोंबडी! रविवारी अंडं देत न्हाई!" लोक हसले, नेहमीपेक्षा जास्तच हसले. मार्थाबाई ओरडल्या, "ओ सर, टोपली राह्यली!" मी म्हणालो, "घेतो, घेतो." सगळं संपलं, लोक पांगले, टोपली तिथेच होती. सुहास जवळ आला. "सर, हे परत न्यायचं असतं का?" त्याने खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हणालो, "उशीर झालाय, आज असू दे." अरविंद टोपली उचलून गाडीकडे गेला.

त्यानंतर ते कधी आले नाहीत. माझी मात्र सुहासशी भेट होत राहिली, कारण मला साखर आहे आणि रक्त तोच काढायचा. "उपाशी आलात ना सर? मूठ आवळा." सुई टोचलेली कळायची नाही. कापूस दाबून धरायला सांगायचा, मावशींची चौकशी करायचा. दर वेळी मी माफी मागायचं ठरवून जायचो आणि दर वेळी रिपोर्ट कधी मिळेल एवढंच विचारून परत यायचो.

आता तो नाही. उपासनेत गाणं सुरू झालं की दुसऱ्या ओळीला मागून खालचा सूर येतो. मी वळून पाहतो. शेवटचा बाक रिकामा असतो. घरी आल्यावर बायको विचारते, "काय झालं?" मी गाण्याचं पुस्तक कपाटात ठेवतो. अरविंद गावी शेतावर गेलाय. त्याच्याकडे मी जाणार आहे. पण त्याची माफी मागितली म्हणजे सुहासची मागून होत नाही.

आणि सुहासची मागायला मी गेलो होतो. तो जाण्याच्या काही दिवस आधीची गोष्ट. आजारपणाने तो खाटेवर अगदी लहान दिसत होता. अरविंदने खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेला. आजाऱ्याकडे गेलं की पंचाने प्रार्थना करायची, ही आमची पद्धत. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. "प्रभू, आमच्या हातून जाणता-अजाणता ज्यांची मनं दुखावली, त्याबद्दल आम्हाला क्षमा कर..." बराच वेळ बोललो. मिटल्या डोळ्यांनी किती सोपं असतं. "आमेन," सुहास म्हणाला. मी डोळे उघडले तर तो माझ्याकडेच पाहत होता.

"छान झाली प्रार्थना, सर," तो हळू म्हणाला. "पण हे तर तुम्ही देवाला सांगितलं. मला काय सांगायला आल्ते?"

दोनच शब्द होते.

"पाणी देऊ का तुला?" मी विचारलं.

"द्या," तो म्हणाला. घोटभर प्याला आणि पुन्हा माझ्याकडे पाहत वाट बघत राहिला. मी पेला खाली ठेवला, चष्मा काढला आणि तो पुसत बसलो.