कोदोचा घास

"साखर उतरली नाही, तर तुम्ही उतरा," असं कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर माझ्या भासऱ्यांना म्हणाले. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. वरठीला लोखंडाच्या कारखान्यात ते क्रेन चालवायचे, वरच्या केबिनमध्ये बसून. साखरेच्या माणसाला कधी भोवळ येईल सांगता येत नाही, आणि हुकाला लोखंड टांगलेलं असताना वरच्याला भोवळ आली तर खालच्यांचं काय? डॉक्टरांचं चुकत नव्हतं. पावसाळा सरला की पुन्हा तपासणी होती. तोवर साखर खाली आली तर क्रेन राहणार, नाहीतर गोदामात बसून सामानाची राखण.

त्या क्रेनवर त्यांचा जीव होता. खाली हुक अडकवणाऱ्यांत उमेदीची वर्षं घालवून ते वर गेले होते. घरात कमी बोलणारा माणूस, पण क्रेनची गोष्ट निघाली की हात हवेत असे हळूहळू खाली आणायचे की पाहणाऱ्यानं श्वास धरावा. मला मात्र तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. वर खुर्चीत बसून दांडे ओढायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचंच काम, असं मी नवऱ्याला म्हणायची. भासऱ्यांना म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. ते दारात खाकरायचे, मी पदर घ्यायची आणि आत व्हायची. त्यांना काही सांगायचं तर भिंतीला सांगायचं, किंवा गाईला.

आता साखर उतरवायची म्हणजे भात सोडायचा. आणि तो कुठे, तर करडीसारख्या भाताच्या गावात! आमच्या गावात धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, थेट घराच्या मागच्या भिंतीला येऊन टेकतात. सकाळी रात्रीचा भात फोडणीला, दुपारी भात, रात्री भात. माझ्या जावेनं पहिले काही दिवस त्यांना नुसत्या पोळ्या वाढल्या. ते निमूटपणे खायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, "जेवण कवा आहे?"

ही माझी जाऊ. मी तिला बाई म्हणते. गोंदिया वेगळा झाला, जिल्ह्याची वाटणी झाली, गावातली निम्मी घरं वाटली गेली, पण आमची चूल एकच राहिली ती या बाईमुळे. तिचं माहेर आंबागड, किल्ल्याच्या पायथ्याचं. तिकडची जमीन मुरमाड, जंगलाला लागलेली. तिथे धानासोबत कोदो पिकायचा. बारीक गोल दाण्याचा, गरिबाघरचा. सून म्हणून आली तेव्हापासून तिनं या घरात कोदोचं नाव काढलं नव्हतं, कारण आमच्या सासूबाई आधीच तिला "जंगलातली" म्हणायच्या.

एक दिवस दुपारी टीव्हीवर एक बाई कसलंसं परदेशी धान्य शिजवून त्यात भाज्या, अक्रोड आणि पाला घालत होती. सॅलड म्हणे, पोटभरीचं, साखरेवर उत्तम. आमची बाई पाहत राहिली. मग म्हणाली, "हे तं आपल्या कोदोचंही होते."

सासूबाई आतून ओरडल्या, "कोदो मातते, माहीत हाये ना? खाऊन माणूस झिंगते. आन् याले क्रेनवर बसाचं हाये."

"ओला ठेवला तं मातते, आई," बाई म्हणाली. "माह्या भावाचा कोदो खडखडीत वाळला असते."

पुढच्याच आठवड्यात तिचा भाऊ पोतडी घेऊन आला. कोदो, आणि सोबत जंगलातली चारोळी. तेव्हापासून मी रोज पहाटे जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सैपाक मीही करते आणि वाईट करत नाही, पण त्या बाईचा हात वेगळाच, बाप्पा. कोदो ती आधी कोरडा भाजायची, खमंग वास सुटेपर्यंत. मग आंधनात बेतानं शिजवायची आणि परातीत पसरून बोटांच्या टोकांनी मोकळा करायची, दाणा न् दाणा सुटा. काकडीच्या बिया काढून टाकायची, नाहीतर दुपारपर्यंत पाणी सुटून डब्यात तळं होते. गाजर आणि चवळीच्या कोवळ्या शेंगा अर्धवट वाफवायची, दाताखाली लागल्या पाहिजेत म्हणून. टमाटरचा फक्त घट्ट गर. पातीचा कांदा, हिरवी मिरची, भाजून जाडसर कुटलेले फल्लीचे, म्हणजे भुईमुगाचे दाणे, वरून चारोळी. सांबार म्हणजे कोथिंबीर, ती देठासकट, कारण वास देठात असतो. पुदिना हातानं तोडून, विळ्याला लावायचा नाही. मीठ आणि लिंबू. मी चव पाहायला म्हणून बसायची आणि वाटीभर खाऊनच उठायची.

डबा रोज जायचा आणि रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. बाईचा चेहरा उजळायचा. भासरेही घरी रात्री कुरकुर न करता दोन भाकरी खाऊन उठायला लागले. आम्ही म्हटलं, जिंकलो.

मधेच एकदा तुमसरला खाजगीत रक्त तपासून आणलं. साखर जागची हलली नव्हती. उलट जरा चढलीच होती.

 बाईला वाटलं, कोदोच लागू पडला नाही. सासूबाई म्हणाल्या, "जंगलातल्या दाण्यानं का रोग जाते?" बाई परात घासत बसली, चांगली लख्ख परात पुन्हा पुन्हा. मला तिची कीव आली आणि रागही आला. राग कोणावर काढायचा ते मात्र कळत नव्हतं.

ते लवकरच कळलं. भासऱ्यांना न्यायला रोज त्यांचा एक सोबती मोटारसायकलवर यायचा. त्या दिवशी भासरे बूट बांधत होते, बाई डबा घेऊन दारात आली, आणि तो भला माणूस कौतुकानं म्हणाला, "वहिनी, तुमच्या हातचं हे काय लागते हो भातावर! कॅन्टीनचा भात असा पांढरा फटक असते, पण हे कालवलं का दोन ताटं जातेत. आमालेही देतेत भाऊ थोडं."

 भासरे बुटाची नाडी बांधतच राहिले. दोन बूट बांधायला माणसाला किती वेळ लागतो? बाईनं डबा त्यांच्या हातात दिला, "जा, उशीर होते" म्हणाली आणि आत आली.

मी असती तर तो डबा डोक्यावर उपडा केला असता. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! भासऱ्यांशी बोलायची बंदी, म्हणून संध्याकाळी ते ओट्यावर बसलेले असताना मी गोठ्यात जाऊन गाईला मोठ्यानं सुनावलं. "पहाटेपासून एक बाई राबते आणि लोक कॅन्टीनमध्ये भाताचे ढीग उपसतेत. लाज पाहिजे थोडी." गाय माझ्याकडे पाहत राहिली. ओट्यावरून खाकरण्याचा आवाज आला, जरा पडलेला.

बाईनं काय केलं? भांडली नाही. रात्री तिनं ताटात फक्त कोदो वाढला आणि नेहमीसारखी आत न जाता समोर बसली. त्यांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहत बसली.

मी दाराआडून पाहत होती. भासऱ्यांनी सवयीनं चार बोटांनी कालवलं, घास वळायला गेले, आणि दाणे बोटांमधून घरंगळून ताटात. पुन्हा गोळा केले, अंगठ्यानं तोंडाकडे लोटले, अर्धे लुंगीवर. काकडी एकीकडे, दाणे एकीकडे. एवढा मोठा माणूस, हवेत लोखंड तोलणारा, आणि ताटातल्या दाण्यांमागे बोटं घेऊन पळत होता. शेवटी ते हात थांबवून खालमानेनं म्हणाले, "चव मस्त हाये वं. पण घास होत नाही. भात घातला का होते."

मला हसू आलं आणि दुसऱ्याच क्षणी ते विरलं. त्यांचं खरं होतं. आम्ही भाताची माणसं. हाताला घास लागला नाही तर पोटाला जेवण लागत नाही. जी गोष्ट सुटी सुटी करण्यात बाईनं इतकी मेहनत घेतली होती, तीच आडवी आली होती.

"चमचा द्या ना," मी सकाळी म्हटलं.

"चमच्यानं दवाखान्यात खातेत," बाई म्हणाली. "त्याहीले आजारी नाही बनवाचं मले."

मग सुरू झाले तिचे प्रयोग. दही घालून पाहिलं, तर कारखान्याच्या उकाड्यात दुपारपर्यंत डबा आंबला. बेसन भाजून लावलं, तर घशाला चिकटायला लागलं. कोदो जास्त शिजवला, तर सगळ्याचा चिखल. तो डबा भासऱ्यांनी बिचाऱ्यांनी संपवला, पण परत आलेल्या डब्याला भाताची दोन शितं चिकटलेली होती. बाईनं ती शितं बोटावर घेऊन मला दाखवली आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोळा होऊन गेला होता, बांधीतला धान पोटरीला आला होता. तपासणी जवळ आली होती.

मार्ग निघाला तो खलबत्त्यात. आमच्याकडे जवसाची चटणी नेहमीचीच. जवस भाजायचा, लसूण-मिरची-मिठासोबत कुटायचा. ती कुटून बाईनं खलबत्त्यात पाणी घातलं आणि कामात विसरली. थोड्या वेळानं धुवायला हात घातला तर पाणी बुळबुळीत, दाट झालेलं. तिनं बोटं एकमेकांना लावली, सोडवली, पुन्हा लावली. मग न धुताच खलबत्ता घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं कोदो तसाच सुटा शिजवला. वेगळ्या वाटीत जवसाची चटणी लिंबाच्या पाण्यात भिजवून ठेवली, ती दाटली तेव्हा कोदोवर घातली आणि हलक्या हातानं कालवलं. भाज्या, दाणे, चारोळी, पाला सगळं शेवटी. मला म्हणाली, "घास वळ."

मी वळला. घास झाला! चिखल नाही, गोळा नाही. हातात धरला की एक, तोंडात गेला की पुन्हा दाणा न् दाणा मोकळा. आणि वर जवसाचा तो खमंग, तिखट स्वाद, टीव्हीवरच्या बाईनं दहा जन्म घेतले तरी तिला साधला नसता. मी बाईकडे पाहतच राहिली. तिचं कौतुक मला शब्दांत सांगता येईना, म्हणून मी आणखी एक घास घेतला. ते तिला कळलं असावं.

रात्री भासरे जेवायला बसले. बाई पुन्हा समोर. त्यांची बोटं फिरली, घास वळला गेला, अंगठ्यानं तोंडात सरकला. दुसरा. तिसरा. ताट संपलं. ते उठले, हात धुतला, ओट्यावर गेले. जेवण कवा आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर डब्यात कधी भाताचं शीत दिसलं नाही. तपासणीच्या दिवशी ते संध्याकाळी आले, दारात खाकरले आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, "घरात सांगून द्या. वरच राहिलो." सासूबाईंनी त्या रात्री आपणहून कोदो मागून खाल्ला. कौतुक केलं नाही, पण दुसऱ्यांदा घेतला.

त्या हिवाळ्यात कारखान्यानं कामगारांच्या घरच्यांना आत नेऊन काम दाखवलं. बाई आणि मी दोघी गेलो. डोक्यावर पिवळ्या टोप्या दिल्या होत्या, बाईच्या अंबाड्यावर ती टोपी काही केल्या बसेना. आत उष्णता, धूर, आवाज. कोणीतरी वर बोट दाखवलं. छताजवळ, आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीपेक्षाही उंच, काचेची एक खोली हळूहळू सरकत होती आणि तिच्यात भासरे, वीतभर दिसणारे. खाली साखळ्यांना लोखंडाचा एवढा मोठा लगडा टांगलेला. त्याच्याखालून माणसं बाजूला झाली. तो लगडा इतका अलगद उतरला की जमिनीला टेकल्याचा आवाजही आला नाही. आपण झोपलेलं लेकरू खाली ठेवतो, तसा. उंटावरून शेळ्या हाकणं हे शब्द माझ्या तोंडातच वाळले.

बाईनं माझं मनगट घट्ट पकडलं होतं. क्रेन एवढी उंच असते हे तिला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी तिला दाखवली नव्हती. ती बराच वेळ मान वर करून पाहत राहिली.

"एवढ्या वरते बसतेत हे?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मले मालूम असतं," ती म्हणाली, "तं भातच खाऊ घातला असता मी. खाली तं उतरले असते."

मी हसायला गेली आणि तिचा चेहरा पाहून थांबली. ती थट्टा करत नव्हती. 

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा मनात आलं, आज ही बाई नक्की भात टाकते. मी चुलीपाशी गेली तर ती जवस भाजत बसली होती, मंद आचेवर, सराटा एकसारखा फिरवत.

"का वं बाई, भात नाही?" मी विचारलं.

"वर तं चढणारच हायेत ते," ती मागे न पाहता म्हणाली. "मंग हात नाही थरथरला पाहिजे त्याहीचा."